आरसा हलवू नका

“चित्र आलं का?” टीव्हीच्या मागून उस्तादने विचारलं.

“नाही. नुसती पांढरी रेघ. आडवी,” समोर आरसा धरून उभा असलेला चष्मेवाला म्हणाला.

“आरसा हलवू नका. मला इथून पडदा दिसला पाहिजे.”

चष्मेवाला हलला नाही. उस्तादला तेच हवं होतं. दोन्ही हातांनी आरसा धरलेल्या माणसाला तिसरा हात नसतो.

उस्ताद हे काही त्याचं नाव नव्हे. अर्ध्या तासापूर्वी त्याने या दाराची घंटा तीनदा वाजवली होती. आत सामसूम. चौथ्यांदा वाजवण्याऐवजी त्याने पिशवीत हात घातला, तोच दार किलकिलं झालं. तो ‘टीव्ही दुरुस्ती’ म्हणायच्या आत चष्मेवाल्याने पिशवी पाहिली आणि म्हणाला, “आलात? या, या उस्ताद! लवकर उरका बाबा, कोणी यायच्या आत.” तेव्हा आपणही उस्तादच म्हणू.

‘कोणी यायच्या आत’ हे शब्द उस्तादला घासात खडा लागावा तसे लागले.

पुढे तर खडेच खडे. मेन स्विच कुठे विचारलं, तर या गृहस्थाने बाथरूमचा दिवा लावून दाखवला. पाणी मागितलं, तर ते आलं दुधाच्या मापातून. फोन वाजला, तो त्याने वाजू दिला.

“उचला की.”

“नको. माझ्यासाठी नसतोच.”

आरसा मागितला, तर चार कपाटं उघडून झाली आणि आरसा निघाला समोरच्या भिंतीवर. त्या शोधाशोधीआधी त्याने हातातली सुरी हळूच सोफ्याच्या उशीखाली सारली होती. बंद टीव्हीच्या काचेत उस्तादने ती स्पष्ट पाहिली.

हा घरचा माणूस नव्हे. 

पळावं? जिन्यात खालच्या आजींनी त्याला पिशवीसकट न्याहाळलं होतं, वर “टीव्हीवाले का?” असंही विचारलं होतं. मागे घर साफ झालं, तर पोलीस आधी कोणाला हुडकणार? पिशवीवाल्याला. आणि उस्तादला पोलिसांचं पहिल्यापासून वावडं. राहिला एकच मार्ग. घरचं कोणी येईपर्यंत या बेट्याला इथेच खिळवून ठेवायचं. चोर पकडून देणाऱ्याला कोणी फार प्रश्न विचारत नाही.

काम त्याला येत होतं. एका सरकारी वर्कशॉपात तो तीन वर्षं हेच शिकला होता. शिस्त कडक, रजा नाही, पण शिकवायचे मन लावून. आडवी रेघ म्हणजे आतल्या बोर्डावरचं एखादं सोल्डरिंग सुटलेलं. त्याने टीव्ही बंद केला, सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि गोगलगायीलाही लाज वाटेल अशा गतीने एकेक टाका पक्का करू लागला.

“अजून किती?” चष्मेवाल्याची नजर दाराकडे.

“घाई नको. बंद टीव्हीतसुद्धा वीज दबा धरून बसलेली असते. हात चुकला तर मी जाईनच, तुम्हालाही सोडायची नाही.”

चष्मेवाला श्वासही बेताने घेऊ लागला.

“व्हिडिओ प्लेअरमध्ये कॅसेट अडकलीय म्हणालात. कसली?”

“लग्नाची असावी.”

“कोणाच्या?”

“घरातल्याच कोणाच्या तरी. लेबल निघालंय हो.”

उस्तादने वाकून पाहिलं. प्लेअरच्या तोंडावर सुरीचे ताजे ओरखडे होते. बेट्याने तिजोरी समजून फोडायला घेतला होता की काय!

त्याने वरचं झाकण काढलं. फीत आतल्या हेडभोवती गुरफटली होती. पिशवीतून त्याने आकड्याची बारीक तार काढली. अडलेलं काहीही आवाज न करता मोकळं करण्यात या तारेचा हातखंडा होता. कॅसेट सुटली. हेड स्पिरिटने पुसून, फीत सरळ करून त्याने ती पुन्हा आत सरकवली. मग टीव्हीच्या मागे जाऊन शेवटचा टाका दिला आणि बटण दाबलं.

रेघ थरथरली आणि वरखाली पसरली. आधी मुंग्या, मग खुर्च्या, पाहुणे, नवरी आणि नवरा. नवऱ्याच्या नाकावर जाड चष्मा, चष्म्यामागे घाबरी नजर.

उस्तादने आरशातला नवरा पाहिला. मग आरसा धरलेला पाहिला.

“हे... तुम्ही?”

“अरेच्चा, मीच की! तेव्हा केस होते.” चष्मेवाला खुलला. “वाचवलंत उस्ताद! ती म्हणाली होती, मेकॅनिकचं मी बघते, मी येईपर्यंत कशाला हात लावू नका. मी गेलो सुरीने कॅसेट काढायला. सुरीचं तेवढं तिला सांगू नका हं.”

“अहो, पण स्वतःच्या घरातला मेन स्विच माहीत नाही?”

“तीस वर्षं तिच्याकडेच असतं ते खातं.”

उस्तादच्या छातीवरचा धोंडा उतरला. कसला चोर आणि कसलं काय! हा तर साधा नवरा. आता पिशवी उचलायची आणि निघायचं. तो मनापासून हसला.

तेवढ्यात दारात किल्ली फिरली. एक बाई धापा टाकत आत आली.

“अगं, बघ तरी!” चष्मेवाला ओरडला. “तू पाठवलेल्या उस्तादांनी कमाल केली!”

बाईने टीव्ही पाहिला, नवरा पाहिला, आणि टीव्हीमागचा माणूस पाहिला.

“अहो, मी कुठे कोणाला पाठवलं?”

चष्मेवाल्याच्या हातातला आरसा पहिल्यांदाच हलला.

“मेकॅनिक तर हे काय, माझ्यामागून जिना चढतायत.”