कानात कुर्र

बोरन्हाणासाठी पाटावर बसवलेल्या नातीच्या डोक्यावर सासूबाईंनी काळी कुंची चढवली आणि नाड्या घट्ट बांधल्या. "कानातली मशिनं झाकलेली बरी. चारचौघी येतील, उगाच विषय नको." सणाचा दिवस म्हणून पोरीची आई गौतमी वाद न घालता बोरं-चुरमुरे कालवू लागली.

बायका जमल्या, तोच कुंचीतून बारीक शिट्टी वाजू लागली. मशीन दाबलं की शिट्टी मारतं, हे गौतमीने कितीदा सांगितलं होतं! बायका कुजबुजल्या. सासूबाईंनी कुंची आणखी दाबली. शिट्टी आणखी चढली.

गौतमीच्या मस्तकात तिडीक गेली. तिने कुंची ओढून कोपऱ्यात भिरकावली. "द्या ही बोहारणीला! माझी पोर काय चोरीचा माल आहे?" मग ती नणंदेकडे वळली. "वन्सं, बारशाला तुम्ही हिच्या कानात कुर्र करून नाव सांगितलंत, ते हिला पोचलंच नाही. आता सांगा."

नणंद चपापली. "आत्ता? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांनी तेव्हाच ऐकलं. राहिली ती हीच."

आत्या पाटाशी ओणवली. "कुर्र... शर्वरी!"

शर्वरीने गर्रकन मान वळवली आणि आत्याकडे बघून खुदकन हसली.

"बघितलंत?" गौतमी सासूबाईंना म्हणाली. "हे झाकत होतात तुम्ही!"