काकांच्या मते नाइन एमएम

"फॉर्टी-फाइव्हने माणूस जागेवर बसतो," सिद्धेश म्हणाला.

"आणि उडवणारा?" राधिका म्हणाली. "परवा लोणच्याची बरणी उघडताना मनगट लचकलं तुझं."

चँडलर गावातल्या गन शॉपमध्ये काउंटरमागचा माणूस कंटाळून जांभया द्यायला लागला होता. पण सिद्धेशने साधा मोबाइल घेताना महिनोन्‌महिने रिव्ह्यू पाहिले होते. इथे तर घरादाराचा प्रश्न होता. त्यांच्या रस्त्यावरची दोन घरं फुटली होती, दोन्ही देशी, म्हणजे आपल्याच लोकांची. देशी घरात सोनं असतं हे चोरांना पक्कं कळलं होतं. राधिकाचं सगळं सोनं घरातच होतं, कारण बँकेच्या लॉकरची वेटिंग लिस्ट हलत नव्हती. चोऱ्या झाल्यापासून ती धड झोपली नव्हती. ग्रीन कार्ड हातात होतं, म्हणजे बंदूक घेता येत होती. गाडी अडली होती ती कॅलिबरवर, म्हणजे गोळी केवढ्या जाडीची यावर.

ट्वेंटी-टू म्हणजे डास मारायला. थ्री-एटी राधिकाच्या हातात मस्त बसली, पण यूट्यूबवर बंदुकांचे रिव्ह्यू करणारा दाढीवाला त्या बंदुकीला नावं ठेवायचा. नाइन एमएम सगळेच घेतात, आणि सगळे घेतात ते घेणं सिद्धेशच्या जिवावर यायचं.

"नाइन एमएम घे रे बाळा," मागून आवाज आला.

दोघं गर्रकन वळले. बेसबॉल कॅप, पांढऱ्या मिशा, हातात गोळ्यांचं खोकं. गन शॉपमध्ये मराठी! राधिकाला तर पाया पडू की काय असं झालं.

"मी राजाराम. इथेच असतो. चिप कंपनीतून रिटायर झालो."

"पण काका, पॉवर?" सिद्धेशने विचारलं.

"पॉवर काय चाटायचीय? तुझी पहिली गोळी चुकणार, दुसरी पण चुकणार. तिसरीला हात शाबूत हवा ना? आणि मला सांग, बेडरूमच्या भिंतीपलीकडे कोण झोपतं?"

"रुही. मुलगी आमची."

"मग? इथल्या भिंती म्हणजे पुठ्ठा. नाइन काय, फॉर्टी-फाइव्ह काय, आरपार जाणार. आधी घर बघायचं, कुठे उभं राहायचं ते ठरवायचं. कॅलिबर नंतर."

झालं. काकांची गाडी यांच्या गाडीच्या मागोमाग घरी आली.

काकांनी घर फिरून बघितलं. "चोर आला तर त्याला काय हवं असणार?"

"सोनं," राधिका म्हणाली. "ते पँट्रीत आहे. तांदळाच्या डब्यात."

"दिवसा घरी कोण?"

"कोणीच नाही हो. रुही डेकेअरला, आम्ही ऑफिसला."

"कुत्रा?"

"रुहीला ॲलर्जी आहे."

काकांनी मान डोलावली. "चोर पँट्रीत आणि तू इथे दारात. मधे रुहीची भिंत येत नाही. नाइन एमएम. डोळे मिटून."

मग पोहे आले. आता माणूस घरी आला म्हणजे त्याची चौकशी नको का करायला?

"काकू नाही आल्या?" राधिकाने विचारलं.

"पद्मिनी पुण्याला गेलीये. दिवाळीनंतर येईल."

"अय्या, म्हणजे घरी एकटेच? कुठे आलं घर?"

"तळ्यापलीकडे. कोपऱ्यातलं."

"आणि मुलं?"

"शिव सिॲटलला असतो. रविवारी फोन करतो."

"रविवारीच? म्हणजे मधे तुम्हाला काही झालं तर कोणाला कळणारसुद्धा नाही!" राधिकाला अगदी भरून आलं. तिने त्यांच्या ताटलीत आणखी पोहे वाढले.

"काका, तुमच्याकडे कुठल्या कुठल्या आहेत?" सिद्धेशने खुर्ची पुढे ओढली.

"एक नाइन. एक थ्री-एटी, काकूची."

"ठेवता कुठे?"

"एक उशाशी. दुसरी..." काकांनी चमचा खाली ठेवला. "असते आपली."

"आम्ही बघायला येऊ ना, पुढच्या वीकेंडला! सकाळी किती वाजता बाहेर पडता तुम्ही?"

काकांना एकदम काहीतरी काम आठवलं. चहासुद्धा न घेता गेले.

"किती छान माणूस," राधिका म्हणाली. "आडनाव काय म्हणाले?"

सिद्धेशने आठवून बघितलं. "नाही म्हणाले."

"मराठी माणूस. आडनाव न सांगता?"

सिद्धेशने उठून दाराला कडी लावली.

"चहा पण नाही घेतला," सिद्धेश हळूच म्हणाला. "डबा कुठला ते कळलं, कुत्रा नाही ते कळलं, उठलाच."

"मी सांगितलं रे सगळं! माझ्या तोंडाने!"

राधिका पँट्रीकडे पळाली. सोनं तांदळातून निघालं आणि डिशवॉशरमध्ये गेलं. देशी घरात तो चालू व्हायची तशीही भीती नव्हती.

"मग आता बंदूक कुठली घ्यायची?" सिद्धेशने विचारलं.

"त्या काकाला पुरेल ती."

रात्रभर दोघांनी आळीपाळीने पँट्रीवर नजर ठेवली. सकाळी सिद्धेशने पोलिसांना फोन लावला. मराठी माणसाचीच तक्रार करायची म्हणून जरा जड गेलं, पण लावला.

ऑफिसर लगेच आला. त्याच्याबरोबर एक साथीदार होता, तो दाराशीच थांबला. सिद्धेशने सगळं ओतलं. सत्तरीचा असेल, पांढऱ्या मिशा, गोड बोलतो, आपल्या भाषेत बोलून घरात शिरतो, घरच्यांकडून सगळं काढून घेतो.

ऑफिसर लिहिता लिहिता थांबला. "राजाराम?"

"बघ!" राधिकाने सिद्धेशला कोपर मारलं. "रेकॉर्डवर आहे तो!" मग ऑफिसरकडे वळून म्हणाली, "पकडलंत का त्याला?"

"नाही मॅडम. कालच ते स्टेशनला आले होते, तक्रार द्यायला." ऑफिसरने दाराशी उभ्या साथीदाराला खूण करून आत बोलावलं. "गन शॉपमध्ये एक जोडपं भेटलं, घरी नेऊन खाऊ घातलं आणि घरी एकटेच असता का, बंदुका कुठे ठेवता, बाहेर कधी पडता असं विचारायला लागलं म्हणे. बिचाऱ्यांना पत्ता तेवढा आठवत नव्हता. बरं झालं, तुम्हीच फोन केलात."