डावी कूस

निमोण्यावरनं दोन जीपा भरून माणसं भेटायला आली, तर म्हस्कू सगळ्यांकडं पाठ करून पडलेला.

शिरूरच्या दवाखान्यातली खाट भिंतीला लागून होती. म्हस्कूच्या डाव्या फुप्फुसातली नस फुटून सकाळपासून तांब्याभर रक्त खोकल्यातनं गेलं होतं. पुण्याचा डॉक्टर मांडीतनं बारीक नळी घालून ती नस आतल्या आत बुजवणार होता. तिथं पोचेस्तोवर डाव्या कुशीवरच ठेवा, उताणा झाला तर रक्त चांगल्या फुप्फुसात उतरंल, असं बजावून सिस्टर सुमैया कागदं करायला गेली. बायको धुरपदा त्याच्या पाठीला गुडघा लावून बसली.

थोरला दीर भिमाजी म्हणाला, बांधाचा राग अजून गेला न्हाई वाटतं, भिंतीकडं तोंड केलंय. त्यानं खांदा धरून म्हस्कूला वळवला. उबळ आली आन् भिमाजीचा सदरा लाल झाला. धुरपदानं परत कुशीवर केला, तर चुलतसासू झुंबरबाईनं वळवला. आजाऱ्याचं तोंड न बघता माघारी जायचं तिला पटंना.

थोरल्या दिरापुढं धुरपदा कधी बोलली नव्हती. आज बोलली.

"आप्पा, त्यांना हलवू नका. तोंड बघायचं तर भिंतीकडनं जावा."

हे सगळ्यांना पटलं. खाट हातभर ओढली आन् सांदीतनं रांग सुरू झाली. एकेकानं अंग चोरून शिरायचं, वाकायचं, बरा हायस का विचारायचं. म्हस्कू प्रत्येकाला मान हलवत होता. रांग लावायला भिमाजी दारात उभा राहिला. अॅम्ब्युलन्सवाले दोघं स्ट्रेचर घेऊन आले, तर त्यानं त्यांनाही रांगेत घेतलं. आधी बायामाणसं, म्हणाला.

पाऊण तासानं त्यांचा नंबर लागला. त्यांनी म्हस्कूला उचलून उताणा टाकला आन् छातीवर पट्टा आवळला. कुशीवर पट्टा बसत न्हाई, म्हणाले.

आता म्हस्कूचं तोंड सगळ्यांना एकदम दिसलं. भिमाजीला बरं वाटलं.

धुरपदानं दोन्ही हात नवऱ्याच्या उजव्या खांद्याखाली घातले आन् स्ट्रेचरबरोबर पळत त्याला वर रेटायला लागली. "डावीकडं," ती म्हणत होती, "डावीकडं."

झुंबरबाईच्या डोळ्याला पाणी आलं. तिनं धुरपदाची बोटं एकेक करून सोडवली.

"सोड गं. असं धरून ठिवू न्हाई. जाऊ दे त्याला."