गिरकीनंतरची मात्रा

"पुन्हा थांबलीस!" मास्तरांनी व्हायोलिन खाली घेतलं.

पहिल्या तालमीपासूनची तिची ही खोड वाद्यवृंदाच्या दौऱ्यातल्या पाच गावांत गप्प बसली होती. सहावं गाव तिचं स्वतःचं, आणि इथे ये रे माझ्या मागल्या. लोकनृत्याच्या तुकड्यात गिरकीच्या जागी तिचा चेलो, ते गुडघ्यांत धरायचं मोठं व्हायोलिन, एकटाच वाजतो, त्याला धरून बाकीचे अकरा जण आत येतात. ती तिथे एक मात्रा थांबली की अकराही जण तोंडघशी पडतात.

"गिरकीनंतर पाय टेकायला वेळ लागतो, मास्तर. बाबा थांबायचे. नाचणाऱ्यांचा पाय वाजला की मगच पुढे जायचे."

"इथे कोण नाचतंय? लोक खुर्चीत बसून ऐकणार आहेत." त्यांनी तिच्या कागदावर पेन्सिलने लिहिलं, 'थांबायचं नाही', आणि खाली दोन रेघा ओढल्या. मास्तरांचंही चुकत नव्हतं.

तालीम संपता संपता आत्या मागच्या दाराने आत आली. "येतोय गं तुझा बाप. सकाळीच शर्टाला इस्त्री करून बसलाय. पण उगाच आशा लावून बसू नकोस. कान पार गेलेत त्याचे. शेजारी भांडं आदळलं तरी पत्ता नसतो."

बारा वर्षं ती वाट बघत होती. लग्नाकार्यात नाचणाऱ्यांसाठी व्हायोलिन वाजवण्यात बाबांची हयात गेली. "बसून ऐकायचं ते कसलं संगीत," म्हणून त्यांनी तिच्या एकाही कार्यक्रमात पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी एकदा, फक्त एकदा, तिला ऐकावं एवढंच तिला हवं होतं. आणि आता येत होते, ते कान गेल्यावर.

संध्याकाळी बाबा तिसऱ्या रांगेत बसले, काठीवर दोन्ही हात ठेवून. पूर्वार्ध जुन्या युरोपीय, बरोक संगीताचा होता. तो सगळा त्यांनी छताचे दिवे बघण्यात घालवला. मध्यंतरानंतर नृत्याचा तुकडा सुरू झाला, तेव्हा मात्र त्यांची नजर खाली आली. तिच्या चेहऱ्यावर नाही, तिच्या उजव्या हातावर. गज कसा जातो, कसा वळतो, ते डोळे बारीक करून बघत होते.

गिरकी आली. कागदावर लिहिल्याप्रमाणे ती थांबली नाही. बाबांचा उजवा पाय उचलला गेला होता, तो तसाच अधांतरी राहिला. गज केव्हाच पुढे गेला होता. त्यांनी पाय हळूच खाली ठेवला, बस चुकलेल्या माणसासारखा चेहरा करून.

तोच भाग आणखी एकदा वाजायचा होता.

दुसऱ्यांदा गिरकी आली. तिने गज तारांवरून उचलला आणि हवेत धरला. अकरा गज जागच्या जागी अडकले. मास्तरांचे डोळे एवढाले झाले.

तिसऱ्या रांगेत लाकडी जमिनीवर बुटाची टाच आपटली. मग आपला आवाज किती मोठा आहे याची कल्पना नसलेला माणूस ओरडला,

"हां! घे आता!"