आठवं कडवं

"आठवं कडवं कुठे आहे?" गायनगुरुजींनी स्वरलिपीचे कागद उलटसुलट करून पाहिले. सात कडव्यांना सात वेगळ्या चाली होत्या, आठव्याला चालच नव्हती.

"आईच्या कपाटात एवढंच सापडलं," मुलगी म्हणाली.

आईला जाऊन नऊ दिवस झाले होते. उद्या सकाळी प्रार्थनामंदिरात तिच्यासाठी प्रार्थना होती. तिथे बाईने चाल लावलेलं स्तोत्र आजवर गायलं गेलं नव्हतं. मंदिराच्या मंडळाने मुलीला तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा मात्र होकार मिळाला, छापील पत्रिकेवर आईच्या नावासकट. आईने हयातीत एकाही चालीखाली सही केली नव्हती. खानदानी घरातल्या बायकांना तेव्हा ते शोभत नसे, असं मुलगी सगळ्यांना सांगे.

"अर्धवट स्तोत्र प्रार्थनेत चालत नाही, ताईसाहेब. नेहमीचंच काहीतरी गाऊ. नाहीतर आठव्याला मी चाल लावतो. पत्रिकेवर दोन नावं येतील."

"आईच्या कामाला परका हात लागणार नाही."

"हट्ट करू नका. छापखान्याचा माणूस बाहेर ताटकळतोय."

गुरुजींनी पुन्हा एक पान उजेडात धरलं.

"काय हात होता! एक खाडाखोड नाही. आम्ही एका ओळीपायी दहा कागद फाडतो. घरात कधी गुणगुणल्या असतील ना? आठवून बघा."

"आई दार लावून बसायची. आम्हा मुलांना मज्जाव. आत फक्त या मावशी, तिचे केस विंचरायला."

"म्हणजे पोटच्या पोरीपेक्षा कंगव्याला जास्त माहीत!"

मुलगी हसली नाही. दाराशी मावशी, आईकडे तीस वर्षं असलेली मोलकरीण, आईची शाल हातावर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

गुरुजींनी पत्रिकेचा मसुदा पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

"नाव खोडतो मग."

"थांबा." मुलीने कागदावर हात ठेवला. मग तो काढून घेतला. "खोडा. आठवं तिच्याबरोबरच गेलं."

"नाही गेलं," मावशी म्हणाल्या.

दोघांनी वळून पाहिलं. मावशींनी शाल खुर्चीच्या पाठीवर नीट घडी घालून ठेवली.

"आठव्याची चाल मला सुचली होती, ताईसाहेब. पण बाईसाहेबांचं दुखणं वाढलं, आणि त्यांना लिहून घ्या म्हणायचं राहूनच गेलं."