धूर दिसला की

मंदीत सुमेरमलशेठची तेलमिल बंद पडली, त्याला दहा महिने झाले. आज सकाळी शेठचा फोन आला, "दिलवरसिंग, ये, बॉयलर पेटव," आणि मिलचा जुना बॉयलरवाला चपला घालायचंही विसरून पळत सुटला.

धुराड्यातून काळाभोर लोट निघाला, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. या गावाला भोंगा कधी लागलाच नाही. धूर दिसला की बाया भाकरी बांधायच्या आणि माणसं पाळीवर निघायची. आजही अर्ध्या तासात फाटकाशी चाळीसेक माणसं डबे घेऊन हजर. सुरतच्या बसमध्ये बसलेला शिवाजी तर धूर पाहून बोचक्यासकट खाली उतरला होता. "दिलवरदादा, मिल चालू व्हयनी!" तो फाटकातूनच ओरडला. दिलवरसिंगनं हसून आणखी चार लाकडं आत सारली.

शेठनी सोबत आणलेल्या कॅमेरावाल्यानं धुराड्याचा छान फोटो काढला.



"प्रदूषण थांबवल्याचं बक्षीस मिळतंय आपल्याला," शेठ म्हणाले. "आधीचा फोटो झाला, दिलवरसिंग. आता विझव, नंतरचा काढू."