एक दहाची बस

अकरा वाजायच्या आत खिंड गाठायला हवी होती. ऊन चढलं की बर्फाची वरची खपली मऊ पडते, मग पावलागणिक गुडघ्यापर्यंत रुतायला होतं. मी-रान बुटांचे काटे रोवत चढावर पळत राहिली.

चार वर्षांपूर्वी याच तारखेला तिचा नवरा दोंग-सू सकाळी आठला डोंगरावर पळायला गेला, तो परतलाच नाही. आठवडाभर शोधूनही काही सापडलं नाही. पोलीस म्हणाले, तो डोंगर ओलांडून पलीकडे उतरला आणि दुपारी एक दहाच्या बसनं सोकचो शहरात निघून गेला. त्याच्यासारखा कुणी बसमध्ये दिसला होता म्हणे.

"बर्फातून पाच तासांत पलीकडे? पंख होते काय त्याला?" तिचे सासरे, म्हातारे पेंग, पोलिसांवर उखडले. "माझा एकुलता एक पोरगा तो. बायकोला टाकून पळेल? तो डोंगरातच आहे, सूनबाई."

शर्यतींत मी-रान नेहमी दोंग-सूच्या पुढे असायची. तिला जमलं नाही, तर त्याला जमणं शक्यच नव्हतं. म्हणून दर हिवाळ्यात ती त्याच दिवशी आठला निघायची. पहिल्या वर्षी भुसभुशीत बर्फात कमरेपर्यंत बुडाली. दुसऱ्या वर्षी पावसानं सगळा रबडा झाला होता. तिसऱ्या वर्षी बर्फ नुसता काच, मनगट मोडलं. दरवेळी बस चुकायची आणि तिला हायसं वाटायचं. मग घरी येऊन ती नवऱ्याच्या फोटोपुढे भात ठेवायची, सासऱ्यांचे पाय चेपायची, मासे वाळत घालायची.

"पस्तिशी आली तुझी, ये निघून," आई फोनवर रडायची.

"नवरा डोंगरात असताना कशी येऊ?"

यंदाचा बर्फ थेट दोंग-सू गेला त्या वर्षीसारखा होता, रात्री गोठून टणक झालेला.

"आज राहू दे गं," सासरे म्हणाले होते. "घसरशील कुठंतरी."

ती घसरली नाही. दहा चाळीसला खिंडीत पोचली. पलीकडच्या उतारावर सावलीतला बर्फ पिठासारखा कोरडा होता. पाय आपोआप खाली धावत होते. अर्ध्या वाटेत तिनं घड्याळ पाहिलं. बस गाठता येत होती. तिनं वेग कमी केला. चालली. मुद्दाम एका खडकावर बसलीसुद्धा.

तरी थांब्यावर पोचली तेव्हा बस यायला अकरा मिनिटं होती.

बस आली. "चढताय ना?" ड्रायव्हरनं विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली. बस गेली.

थांब्यालगतच्या टपरीवाल्या बाईनं तिच्यापुढे माशाच्या वड्यांचा गरम रस्सा ठेवला. मी-रानची बोटं बधिर झाली होती. फोन फळीवर ठेवून तिनं स्पीकर लावला.

"मामंजी, चुकली बस. वीस मिनिटांनी."

पलीकडून सासऱ्यांचा आवाज आला.

"मी म्हणत नव्हतो? पोर माझं डोंगरातच आहे. ये आता लवकर, मासे आत घ्यायचेत."

तिनं डोळे पुसले. खरं कळलं असतं तर म्हातारा जगला नसता.

"पेंग आजोबा ना हे?" टपरीवाली हसली. "आवाजावरूनच ओळखलं. दर वसंतात इथूनच तर बस धरतात सोकचोची. मुलाकडे जातात, नातवाच्या वाढदिवसाला."